कळलं नसेल, तर तसं सांगा

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांतल्या माणसांच्या डोक्याला खाज सुटायला लागली. नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पोरंसोरं, बाया, म्हातारे, कुणीच सुटलं नाही. पुढे १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. आजार जिवावर बेतणारा नव्हता आणि पाच-सहा आठवड्यांनी अनेकांना नवे केसही फुटू लागले. पण तेवढ्या काळात मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं, काहींची ठरलेली लग्नं मोडली.

गावात आधी बुरशीचं नाव निघालं. मग पाण्याचे नमुने तपासले, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे वळलं. लोकांना ते चटकन पटलं, कारण हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोदकडची माणसं खाऱ्या पाण्याचा आणि किडनीच्या दुखण्याचा संबंध वर्षानुवर्षं लावत आली आहेत. पण याच पाण्यावर इथल्या पिढ्या वाढल्या. मग केस आत्ताच का गळावेत? घाटाखालच्या कुठल्याही शेतकऱ्याला पडेल असा हा साधा प्रश्न आहे.

डॉक्टरांचा पहिला अंदाज चुकला, याबद्दल माझी तक्रार नाही. एक शक्यता धरायची, तपासायची, सोडून द्यायची, असंच निदान पुढे सरकतं. तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याची. डॉक्टरांच्या मनातला अंदाज गावाच्या पारावर पोचेस्तोवर पक्का निकाल होऊन बसतो. ‘अजून कळलेलं नाही’ असं म्हणायला आपल्याकडचे डॉक्टर कचरतात. रुग्णाचा विश्वास उडेल, तो उद्या अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, ही भीती खोटी नाही. शिवाय तेवढंच बोलून उठून जाण्यानंही भागत नाही. आतापर्यंत काय तपासून बाद झालं, तोवर घरात काय करायचं, काय टाळायचं आणि पुढचं सांगायला कोण, कधी येणार, हे त्याला जोडूनच सांगावं लागतं. ‘हे एकाचं दुसऱ्याला लागते का?’ याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं नाही, तर ते शेजारी देतात आणि सोयरेही. ती लग्नं मोडण्यामागे माझ्या मते हेच होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांचं म्हणणं पुढे आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे हे डॉक्टर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. ते गावांत गेले. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासायला घेतले आणि घरातला गहूही घेतला. सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत दीडशे पट वाढलेलं आढळलं, जस्त घटलेलं. त्यांचा रोख रेशनच्या गव्हावर होता. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचं त्यांनी सांगितलं. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात, त्यातल्या गंधकाची जागा सेलेनियम घेतं आणि केराटिन दुबळं होतं. चीनच्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान अशीच केस-नखं गळाली होती, आणि पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या जमिनीत सेलेनियम जास्त असल्याचं शेतीशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे.

‘काय खाता, धान्य कुठून आणता’ हे विचारणं आणि उत्तर ऐकून घेणं हाही संवादाचाच भाग आहे. उलट बाजूनं पाहा. गहू दोषी म्हटल्यावर घरची बाई पहिला प्रश्न विचारणार: ‘धुऊन घेतला तं चालते का?’ बावस्करांच्या तपासणीत न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं आणि धुतलेल्यात १३.६१. म्हणजे उत्तर ‘नाही’. हे एका वाक्यात सांगता येतं आणि ‘सेलेनियम’ या शब्दापेक्षा तेच त्या घराच्या जास्त उपयोगाचं आहे.

वेळ नसतो, ही डॉक्टरांची अडचण खरीच आहे. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या ६७ देशांच्या आढाव्यात भारतातली प्राथमिक तपासणी जेमतेम दोन मिनिटांची निघाली. राहिलेलं समजावणं मग मेडिकलवाल्या पोराच्या गळ्यात पडतं. तो कात्रीनं पट्टी कापतो, त्यात औषधाचं नाव आणि मुदत दोन्ही जातात, आणि कागदी पाकिटावर ‘१-०-१’ लिहून देतो. त्यातलं शून्य दुपारचं आहे, हे त्या आजीला कुणी सांगितलेलं असतं? सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी रुग्णालयातल्या मधुमेह्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ६१ भेटींत डॉक्टरांनी १२४ नव्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या १५च रुग्णाला समजल्या का, याची खात्री करून घेतली. तिथं ही गत, तर आपल्या भरलेल्या ओपीडीचं काय बोलावं? ‘कळलं ना?’ असं विचारलं की माणूस हो म्हणतो. ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा’ असं म्हटलं, की काय कळलं आणि काय राहिलं ते लगेच दिसतं.

कागदावर बरंच आलं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २०१८ची रुग्णहक्क सनद आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून वर्तन, नीती आणि संवादाचा भाग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बुलढाण्याचंही आहे. तिथल्या मुलांना संवाद शिकवायला परदेशी पुस्तकातली उदाहरणं कशाला हवीत? त्यांना शेगावच्या या गावांत न्यावं. ‘टक्कल पडलं तेव्हा तुम्हाला कोणी काय सांगितलं?’ एवढंच त्यांनी घरोघर विचारावं आणि मिळालेली उत्तरं वर्गात वाचावीत.

एप्रिल २०२५ मध्ये याच भागातल्या लोकांची नखं गळू लागली. बाधित घरांत पुन्हा तीच भीती, पुन्हा नमुने, पुन्हा वाट पाहणं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं जानेवारीतच येऊन नमुने घेऊन गेली होती. रक्त या माणसांचं, गहू त्यांच्या डब्यातला. तेव्हा त्या तपासणीत जे काही निघालं असेल ते मराठीत, बोंडगावच्या ग्रामसभेत, डॉक्टरांनी स्वतः उभं राहून वाचून दाखवावं, आणि लोकांचे प्रश्न संपेस्तोवर तिथं थांबावं.