फरक कुणाचा?

माणसाचं यकृत कुणाशी जास्त जुळतं? उंदराच्या यकृताशी, की माणसाच्याच मेंदूशी? आपण पटकन म्हणू, यकृताशी. काम तेच, म्हणजे चालू असलेली जनुकंही बरीचशी तीच असणार. पण २०१४च्या डिसेंबरात ‘पीएनएएस’ या अमेरिकी नियतकालिकात उलटंच उत्तर छापून आलं. कुठलं जनुक किती कामाला लागलंय, हे संशोधकांनी आरएनए मोजून पाहिलं. संगणकाने गट पाडले, तर माणसाच्या ऊती एकीकडे, उंदराच्या दुसरीकडे.

पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठातल्या योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी तीच मूळ माहिती पुन्हा उघडली आणि एक रुक्ष गोष्ट वाचली. सिक्वेन्सिंग यंत्रातून येणाऱ्या प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर यंत्राचा नि फेरीचा क्रमांक असतो. एरवी तिकडे कोण बघतं! त्यावरून कळलं की नमुने पाच बॅचमध्ये तपासले गेले होते आणि त्यांतल्या एकाच बॅचमध्ये माणूस नि उंदीर एकत्र होते. अ तुकडीचे पेपर एका परीक्षकाकडे आणि ब तुकडीचे दुसऱ्याकडे गेले, तर गुणांतला फरक मुलांचा की तपासणाऱ्यांचा, हे कसं ठरवणार? बॅचचा परिणाम हिशेबातून काढल्यावर नमुने बरेचसे ऊतींप्रमाणे एकत्र आले. मात्र तो काढताना प्रजातींमधला थोडा खरा फरकही गेला असू शकतो. दोन्ही एकमेकांत इतके गुंतले होते की नंतर कितीही हुशार सॉफ्टवेअर लावलं, तरी ते पुरते सुटणार नाहीत.

म्हणून सगळा चढउतार यंत्राच्या माथी मारावा, असंही नाही. २००२मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत वेगवेगळ्या रंगांनी चमकणारी दोन प्रथिनं बसवली. दोन्हींच्या जनुकांचं नियंत्रण हुबेहूब सारखं, तरी कुठे एक रंग चढला, कुठे दुसरा. पेशीत काही रेणू मोजकेच असतात. त्यांची गाठ कधी पडेल, याचा नेम नाही. सरासरी काढली की ही लहर दिसेनाशी होते. मला त्या प्रयोगातली मांडणी फार आवडते. दोन्ही प्रथिनं त्यांनी एकाच पेशीत ठेवली, त्यामुळे पेशीची तब्येत, तिचं वय, तिला मिळालेलं अन्न दोघांनाही सारखंच. वेगवेगळ्या पेशींत ठेवली असती, तर पुन्हा परीक्षकाचाच वाद आला असता.