कुरुंदवाड की कुर्डुवाडी?

विष्णुपंत छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसवर इंग्रजीत काही वाचायला घेतलं, की एक विधान वारंवार भेटतं: छत्रे कुर्डुवाडीच्या राजाच्या पदरी होते. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातलं रेल्वेचं जंक्शन. तिथे राजा कुठला? छत्रे चाबुकस्वार होते ते आमच्या कुरुंदवाडला, पटवर्धनांच्या संस्थानात. 1880च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी राहिली तीही बाळासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. रोमन लिपीत दोन-चार अक्षरं इकडची तिकडे झाली, एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलं, आणि कृष्णा-पंचगंगेकाठचं गाव भीमेच्या खोऱ्यात जाऊन पडलं.

ही चूक इथलं कुणीही सांगेल. पण विकिपीडियावर ती दुरुस्त करायची तर ‘आम्हाला माहीत आहे’ एवढं पुरत नाही. पुस्तक कोणतं, पान कितवं, ते द्यावं लागतं. आपल्याच गावाबद्दल आपल्याकडे पुरावा मागतात, याचा मला आधी राग यायचा. आता येत नाही, कारण ही अट कुठून आली ते हळूहळू उमगत गेलं.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भागभांडवल उभारून ज्ञानकोश काढला, 23 खंडांचा. वाचकाचा भरवसा होता तो केतकरांच्या नावावर. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. पहिला खंड 1976चा. तिथे भरवसा तज्ज्ञांवर आणि संपादकांच्या तपासणीवर. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि लिहिणाऱ्याचं नावच मागे पडलं. कुणीही लिहावं, टोपणनावाने लिहावं. मग विश्वास ठेवायचा कशावर? छापील आधारावर. वाक्याशेजारी बारीक अक्षरात ‘संदर्भ हवा’ असं येतं, ते त्यासाठीच.

आणि आधार असतो ग्रंथपालाकडे. शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका, कुणाचा तरी गौरवग्रंथ, 1886चं कोल्हापूरचं गॅझेटिअर: यातलं काय कोणत्या कपाटात आहे आणि कशाची पानं सुटली आहेत, हे त्याला दाखल रजिस्टर न उघडता सांगता येतं. 2016च्या जानेवारीत विकिपीडियाला 15 वर्षं झाली, तेव्हा जगभरच्या ग्रंथपालांना एकच विनंती केली गेली: प्रत्येकाने एक संदर्भ जोडावा. एकच, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे 1967च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत बसवलेल्या वाचनालयांतला माणूस कुलूप उघडण्यापासून वर्गणीच्या पावतीपर्यंत सगळं तुटपुंज्या पगारात एकटा करतो. त्याच्याकडे लेख मागणं अन्यायाचं होईल. लेखक, प्रकाशक, साल, पान एवढं मागता येतं.

या नियमाने सगळं साधत नाही, हेही खरं. 2005, 2019, 2021 या तिन्ही पुरांत पाणी कोणत्या पायरीला टेकलं, ते इथल्या म्हाताऱ्या बायका नेमकं सांगतात. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, म्हणून कोशात जात नाही. मला ही उणीव बोचते. त्यावर उपाय एकच दिसतो: कुणीतरी त्यांच्याकडून ऐकून घ्यावं, गावातच छापावं आणि त्याची एक प्रत वाचनालयात दाखल करावी. पण जे छापलेलं आहे, त्यालाही पाणी सोडत नाही. भिजलेल्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली की सोडवताना अक्षरं निघून येतात.

ग्रंथपालांना केलेल्या त्या विनंतीची पुढे दरवर्षीची मोहीम झाली; तिची वर्षातली दुसरी फेरी 15 मे ते 5 जून अशी असते. नदीकाठच्या गावात खालच्या फळीवरची पुस्तकं वर चढवायचे हेच दिवस. पुस्तक हातात आलेलंच असतं. वर ठेवण्याआधी छत्र्यांचं पान काढायचं, धूळ पुसायची आणि पानाचा आकडा टिपून घ्यायचा.