हिशेब मागणे हा अविश्वास आहे काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीने बावखलातील गाळ उपसण्यासाठी वर्गणी गोळा केली आणि खजिनदारकीचे काम आमच्याकडे आले. गाळ निघाला, पावसाळ्यात बावखल तुडुंब भरले. सारे आनंदात असताना एका वयोवृद्ध शेतकऱ्याने बैठकीत उठून पावत्या पाहायला मागितल्या. आम्ही दुखावलो. चार महिने घरचे काम टाकून राबलो त्याचे हेच का फळ, असे म्हणून आम्ही वही त्यांच्यापुढे जवळजवळ आदळलीच. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, विश्वास नसता तर पैसे दिलेच नसते. दिले आहेत, म्हणून विचारतो."

त्या रात्री वही पुन्हा तपासताना ट्रॅक्टरच्या भाड्याची एक रक्कम दोनदा लिहिलेली आढळली. चूक आमची होती आणि ती निव्वळ नजरचूक होती. परंतु कोणी विचारले नसते, तर ती कायमची सत्य होऊन बसली असती. आमचा हेतू शुद्ध होता, वही मात्र शुद्ध नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

एका आळीच्या वहीविषयी जे खरे, ते राष्ट्राच्या वहीविषयी खरे नाही काय? शासनाच्या खर्चाची चौकशी करणाऱ्याला आपल्याकडे दोन उत्तरे मिळतात. पहिले, 'आमच्यावर विश्वास नाही का?' आणि दुसरे, 'कामे होत आहेत ना, मग कशाला खोलात शिरता?' दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. हिशेब देणे ही चोराची शिक्षा आहे आणि सज्जनाला त्यातून सूट मिळाली पाहिजे, असा तो समज. वस्तुतः जो दुसऱ्याचे धन हाताळतो, त्याचे हिशेब देणे हे पहिले कर्तव्य आहे, मग तो सज्जन असो वा नसो. सरकारचा पैसा सरकारचा नसतो. ज्या मजूर बाईने आयकराचे नावही ऐकलेले नाही, तीसुद्धा साबणाची वडी घेताना तिजोरीत आपला वाटा टाकते. त्या वाट्यापुरते तरी तिला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.

आपल्या घटनाकारांनी हे तत्त्व नीट ओळखले होते. कायद्याच्या संमतीवाचून भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अनुच्छेद १४८ ने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद निर्माण केले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची जी कठीण पद्धत, तीच या पदालाही लागू केली. निवृत्तीनंतर सरकारी पदाचे आमिष नको म्हणून तो मार्गही बंद केला. १९४९ साली घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. लोकलेखा समिती तर त्याहून जुनी, १९२१ सालची. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. खर्च करणाऱ्याने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देऊ नये, हा साधा विवेक त्यामागे आहे.

परंतु संस्था उभी असणे निराळे आणि ती जिवंत असणे निराळे. संसदेत मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा व्हावी, अशी अपेक्षा असते. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. या प्रथेला 'गिलोटिन' असे अन्वर्थक नाव आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी गोंधळाच्या वातावरणात लोकसभेत साऱ्याच मागण्या अशा रीतीने संमत झाल्या. लक्षावधी कोटी रुपयांविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. नियमभंग झाला असे कोणी म्हणणार नाही. वहीत बेरीज होती, फक्त ती वाचणारे कोणी नव्हते.

मग वाचायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर राजस्थानातील अर्धशिक्षित मजुरांनी दिले. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी पहिली जनसुनवाई भरवली. पुढे अशा अनेक जनसुनवाया झाल्या. त्यांत सरकारी कामांची कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली जात. ज्यांनी कधी फावडे उचलले नव्हते, त्यांची नावे हजेरीपटावर निघत. मरण पावलेल्यांनीही मजुरी घेतल्याचे दिसे. ज्याचे नाव वाचले जाई, तो किंवा त्याची विधवा तिथेच उभी राहून सत्य सांगे. लेखापरीक्षणाचा एवढा साधा आणि एवढा प्रभावी प्रकार दुसरा नसेल. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. १९९६ साली ब्यावर येथे त्यांनी ४० दिवस धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने या मागणीला बळ दिले आणि अखेर १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीच्या अधिकाराचा कायदा अमलात आला. दहा रुपये शुल्क भरणाऱ्या सामान्य माणसाला ३० दिवसांत उत्तर देणे शासनाला बंधनकारक झाले.

या हक्काची किंमत काहींनी दहा रुपयांहून फार जास्त मोजली. झारखंडमधील पलामू जिल्ह्यात रोजगार हमीच्या कामांची सामाजिक तपासणी चालू असताना, मे २००८ मध्ये ललित मेहता या तरुण कार्यकर्त्याची हत्या झाली. ज्या वहीत काही लपवायचे नसते, तिच्यासाठी कोणी खून करीत नाही.

तरीही दुसरी बाजू पाहणे न्यायाचे ठरेल. हिशेब तपासणे म्हणजे निवाडा करणे नव्हे. २०१० साली दूरसंचार परवान्यांसंबंधीच्या लेखापरीक्षण अहवालात १,७६,००० कोटी रुपयांपर्यंतच्या संभाव्य हानीचा अंदाज आला आणि तो आकडा घरोघरी पोहोचला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. परंतु २०१७ साली विशेष न्यायालयाने खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. व्यवहार सदोष असू शकतो आणि तरीही अमुक एक मनुष्य गुन्हेगार असल्याचे सिद्ध होत नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाही नीतीचे बंधन आहे. उत्तर ऐकण्याची तयारी नसलेला प्रश्न ही निंदा होय.

याहून सूक्ष्म असा आणखी एक प्रश्न आम्हांला छळतो. पारदर्शकतेचा प्रकाश कोणाच्या तोंडावर पडतो? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची दिवसातून दोन वेळा छायाचित्रे घेऊन मोबाइलवर हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील एक कलम बदलून 'वैयक्तिक' माहितीला अधिक व्यापक सूट देऊ केली. खाजगी आयुष्य जपलेच पाहिजे. परंतु कोट किरानामध्ये जे वाचले गेले, ती शेवटी माणसांची नावेच होती. नावे गाळून हजेरीपट वाचला, तर मेलेला मजूर कसा ओळखावा? ज्याच्या हाती फावडे आहे त्याला दिवसातून दोनदा पाहायचे आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्यावर पडदा टाकायचा, याला पारदर्शकता म्हणता येणार नाही.

संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी मदत गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले सोबती बरोबर घेतले. आपला व्यवहार देवापुढे निर्मळ असला की पुरे, असे त्याने म्हटले नाही. तो माणसांपुढेही निर्मळ दिसावा, याची त्याने काळजी घेतली. ज्याच्या सचोटीविषयी शंका नव्हती, त्यानेच साक्षीदार मागितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ते वयोवृद्ध शेतकरी आता हयात नाहीत. त्यांच्या त्या प्रश्नानंतर आमच्या आळीत एक रीत पडली आहे. कोणत्याही कामाची वर्गणी संपली की पावत्यांसह जमाखर्च सर्वांना दिसेल असा भिंतीवर लावायचा. कागद लावणाऱ्याला आता अपमान वाटत नाही. खेद एवढाच की फार थोडे जण थांबून तो वाचतात. दिल्लीच्या वहीविषयी तक्रार करण्याआधी आम्ही स्वतः त्या भिंतीपुढे थांबू लागलो आहोत. वाचकहो, आपणही थांबावे.