सतरंजीचा रंग कोणता?

वऱ्हाडात बाळापूरची ओळख सतरंज्यांसाठी. तिथल्या एखाद्या सतरंजीवर तांबडे-निळे पट्टे असले, तर तिचा स्वतःचा रंग कोणता? प्रश्न पोरकट वाटतो. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, तो फार गांभीर्याने घेतला. त्यांच्या मते पट, म्हणजे कापड, हे तंतूंहून वेगळे, एकच द्रव्य. आणि रूप, म्हणजे रंग, हा गुण द्रव्याला सर्वांगाने व्यापतो. तांबडा सगळीकडे नाही, निळाही नाही. रंगच नाही म्हणावे, तर सतरंजी दिसायलाच नको! म्हणून अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश यांच्या जोडीला ‘चित्र’, म्हणजे चित्रविचित्र, हे सातवे रूप येते. नैयायिकच असलेल्या रघुनाथ शिरोमणींना ते पटले नाही: एकाच पटात अनेक रंग आपापल्या जागी राहू शकतात.

इंग्रजी ‘चिंट्झ’ म्हणजे आपली चीट. तिचे मूळ याच ‘चित्र’ शब्दापर्यंत नेतात. हे हिंदुस्थानी कापड इंग्रजांच्या घरांत इतके शिरले, की १७२१ मध्ये तिथे छापील सुती कापडाच्या वापरावरच कायद्याने बंदी आली. पुढे तिथल्याच विल्यम मॉरिस या नक्षीकाराने १८८३ मध्ये निळीच्या पार्श्वभूमीवर ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही बहुरंगी चीट छापली. असा पडदा लावून त्यातला एकच रंग भिंतीला देणारा सजावटकार नकळत शिरोमणींच्या पक्षात जातो. ‘चित्र’ रूपातून तुकडा काढता येत नाही.