कर्तेपणाची मुदत

बटण दाबल्यावर पडद्यावरची उडी किती उशिरा दिसली, तर ती आपली वाटेनाशी होते? क्लाउड गेमिंग व्यवहारात टिकेल का, हा प्रश्न मला या एका शंकेत सामावलेला दिसतो. तिथे खेळ चालतो दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर. आपल्याकडून जाते ती बोटाची खूण, परत येते ते चित्र. या येण्याजाण्यात आणि चित्र घडण्यात जाणाऱ्या वेळाला खेळणारे ‘इनपुट लॅग’ म्हणतात.

पहिला संशय अंतरावर जातो. पण ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. समृद्धी महामार्गाइतके ७०१ किलोमीटर तो साडेतीन मिलिसेकंदांत ओलांडेल. जाऊन येऊन सात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० स्थिरचित्रे, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे ही सारी फेरी एका फ्रेमच्या अर्ध्या आयुष्यात आटोपते. वेळ खरा खर्च होतो तो मधल्या टप्प्यांवर: घरातले वायफाय, राउटरमधली रांग, सर्व्हरवर फ्रेम तयार होणे, तिचे एन्कोडिंग, इकडे डिकोडिंग आणि शेवटी चित्रावर स्वतःची प्रक्रिया करणारा टीव्ही. गूगलने २०१९च्या नोव्हेंबरात ‘स्टेडिया’ ही क्लाउड गेमिंग सेवा आणली, तेव्हा तिचा कंट्रोलर वायफायवरून थेट सर्व्हरशी बोलत असे. त्यातला एक टप्पा वाचवण्यासाठी एवढा खटाटोप होता.

इंटरनेटवर चित्रपट पाहताना हे काहीच जाणवत नाही, कारण चित्रपट आधीच घडून गेलेला असतो. पुढची काही सेकंदे अगोदर उतरवून ठेवली की नेटवर्कची धाप आपल्यापर्यंत पोचत नाही. खेळात पुढचा क्षण अजून घडलेलाच नाही. तो आपल्या बोटाची वाट पाहत असतो. जे अस्तित्वातच नाही ते साठवणार कसे? म्हणून चित्रपटासाठी उत्तम ठरलेले इंटरनेट खेळासाठी अपुरे पडू शकते.

तरीही एक कोडे उरते. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मग त्यात आणखी पन्नासांची भर पडल्याने काय बिघडते? १८५०मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले आणि तो वेग सेकंदाला अवघा तीसेक मीटर निघाला. शरीर स्वतःच विलंबाने जगते. म्हणून मेंदू बातमीसाठी खोळंबत नाही. हात हलवतानाच त्याचा परिणाम कधी आणि कसा जाणवेल, याचा अंदाज तो बांधून ठेवतो.

आपणच आपल्याला केलेल्या गुदगुल्या जाणवत नाहीत, त्या याच अंदाजामुळे. लंडनमध्ये साराजेन ब्लेकमोर, ख्रिस फ्रिथ आणि डॅनियल वॉलपर्ट यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाचा एक हात यंत्रामार्फत त्याच्याच दुसऱ्या तळव्याला स्पर्श करी. हालचाल आणि स्पर्श यांत १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत अंतर ठेवले, तेव्हा अंतर वाढेल तशा गुदगुल्या वाढत गेल्या. स्पर्श स्वतःचाच होता, पण मुदत टळल्यामुळे शरीराला तो परक्यासारखा वाटू लागला.

‘हे मी केले’ ही जाणीवही अशीच वेळेवर बेतलेली असते. सांख्य दर्शनाने ‘मी करतो’ ही जाणीव पुरुषाकडे, म्हणजे साक्षी चैतन्याकडे, न देता अहंकार या प्रकृतीच्याच एका तत्त्वाकडे सोपवली. कर्तेपण घडवले जाते, हे त्यातले मर्म मला इथे फार जवळचे वाटते. घडवलेले असते, म्हणूनच ते विस्कटते. खेळात आपण वेळ घालवतो तो या जाणिवेसाठी, आणि लॅग नेमका तिच्यावरच घाव घालतो.

मात्र मेंदू शिकतोही. ठरावीक उशीर सतत राहिला तर तो त्याला आपल्या हिशेबात धरतो. २००६मधल्या एका प्रयोगात, बटणानंतर उशिरा होणाऱ्या प्रकाशाची सवय लागलेल्या लोकांचा तो उशीर अचानक कमी केला; तेव्हा काही वेळा प्रकाश आधी आणि बटण नंतर, असे त्यांना वाटले. जुळवून घेता येत नाही ते अनियमिततेशी: आत्ता तीस, मग नव्वद, मग चाळीस. म्हणून सरासरी वेगाच्या जाहिरातीपेक्षा स्थिरता अधिक मोलाची आहे.

‘ऑनलाइव्ह’ ही अशीच सेवा २०१०मध्ये सुरू झाली, २०१५मध्ये मिटली. स्टेडिया जानेवारी २०२३मध्ये. दोघींच्या अपयशाचा दोष एकट्या लॅगवर टाकणे अन्यायाचे होईल, आणि ही वाट निरर्थक ठरवणेही. बुद्धिबळासारख्या पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांना ती आजही पुरते. फ्रेम मोजून लढल्या जाणाऱ्या ‘स्ट्रीट फायटर’सारख्या खेळांची कसोटी कठोर आहे.

मला चिंता वेगळी आहे. महागडे यंत्र घेऊ न शकणाऱ्याला मोठे खेळ खुले करणे, हे या तंत्राचे सर्वांत सुंदर वचन. पण अशी माणसे बहुधा डेटा सेंटरपासून लांब, डळमळत्या नेटवर्कवर असतात. ज्यांना त्याची गरज अधिक, त्यांच्याच वाट्याला उडी परकी वाटण्याचा धोका अधिक. म्हणून क्लाउड गेमिंगचे यश महानगरातल्या उत्तम जोडणीवर मोजू नये. दूरच्या गावातल्या मुलालाही आपण मारलेली उडी आपलीच वाटते का, हे विचारूनच ते मोजले पाहिजे.