परक्यांच्या कुतूहलासाठी राखलेले शहर

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आज दिसणारी पर्यटकांची गर्दी ही बाहेरून कोसळलेली आपत्ती आहे, असे समजण्याची रीत पडली आहे. परंतु या गर्दीला दिलेले निमंत्रण १७३७ सालच्या एका करारातच नोंदलेले आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मेदिची घराण्याचा अखेरचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक वारला आणि तोस्काना प्रांताचे राज्य, युरोपातील बड्या सत्तांनी आधीच ठरवल्याप्रमाणे, लोरेनच्या फ्रान्सिसकडे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या पतीकडे गेले. घराण्यात मागे उरलेली जान गास्तोनेची थोरली बहीण आन्ना मारिया लुइसा हिने ३१ ऑक्टोबर रोजी नव्या राज्यकर्त्याशी जो करार केला, तो ‘कुटुंब-करार’ म्हणून ओळखला जातो. मेदिचींनी पिढ्यानपिढ्या जमवलेली चित्रे, शिल्पे, ग्रंथ आणि जडजवाहीर नव्या राजवंशाच्या स्वाधीन करताना तिने अट घातली की राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशीयांच्या कुतूहलाला आवाहन या कारणांसाठी यातील काहीही राजधानीच्या व राज्याच्या बाहेर जाऊ नये. अट पूर्णपणे पाळली गेली नाही, कारण ‘फ्लॉरेन्टाइन’ नावाचा प्रसिद्ध पिवळा हिरा व्हिएन्नाला गेलाच; पण चित्रे आणि शिल्पे बहुतांशी जागेवर राहिली.

या अटीचे मोल इटलीतील इतर दरबारांचे काय झाले ते पाहिल्यावर कळते. मान्तुआच्या गोन्झागा घराण्याने आपला चित्रसंग्रह १६२७-२८ च्या सुमारास इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला, मोदेनाच्या ड्यूकने १७४० च्या दशकात आपली निवडक शंभर चित्रे ड्रेस्डेनच्या दरबाराला विकली, आणि ही दोन्ही शहरे सुंदर असूनही प्रवाशांच्या मुख्य वाटेवरून बाजूला पडली. उर्बिनोची गोष्ट तर अधिक बोलकी आहे, कारण तिथल्या देल्ला रोव्हेरे घराण्याचा संग्रह व्हित्तोरिया या वारस कन्येबरोबर फ्लॉरेन्सलाच आला, तिशियनचे ‘उर्बिनोची व्हीनस’ हे चित्र आज उफित्सी संग्रहालयात आहे ते त्यामुळेच, आणि ही व्हित्तोरिया म्हणजे आन्ना मारिया लुइसाची आजी होय. लग्नाबरोबर घराण्याचा ठेवा कसा गाव सोडतो, याचे उदाहरण नातीच्या घरातच होते. उफित्सी ही वास्तू मुळात पहिल्या कोझिमोच्या राज्यातील कचेऱ्यांसाठी वासारीने १५६० पासून बांधायला घेतली होती. तिच्या वरच्या मजल्यावरील दालने १७६९ मध्ये रीतसर लोकांसाठी खुली झाली. तोवर ‘ग्रँड टूर’, म्हणजे इंग्लंड आणि उत्तर युरोपातील धनिकांच्या मुलांनी शिक्षणाची सांगता म्हणून केलेला इटलीचा दीर्घ प्रवास, चांगलाच रूढ झाला होता. २०२३ मध्ये उफित्सी, पित्ती राजवाडा आणि बोबोली उद्यान मिळून पन्नास लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. संख्येचा हा विस्तार करार करणारीच्या कल्पनेपलीकडचा असेल, पण दिशा तिनेच ठरवलेली होती.

हे लक्षात घेतले की पर्यटकांच्या एका आवडत्या तक्रारीचा पाया खचतो. अस्सल फ्लॉरेन्स हरवले असून आता उरला आहे तो केवळ देखावा, असे म्हणणारा प्रवासी ज्या अस्सलपणाची आस धरतो, त्याचा बराच भाग एकोणिसाव्या शतकात रचलेला आहे. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स नव्या एकसंध इटलीची राजधानी होते आणि त्या निमित्ताने स्थापत्यविशारद जुझेप्पे पोज्जी याने शहराची नवी आखणी केली. चौदाव्या शतकात पूर्ण झालेला तट आर्नो नदीच्या उत्तरेकडे जवळजवळ संपूर्ण पाडून त्याच्या जागी रुंद वर्तुळाकार रस्ते काढण्यात आले, आणि दक्षिणेच्या टेकडीवर पियात्साले मिकेलांजेलो हा प्रशस्त सज्जा बांधण्यात आला. आज सहलीच्या बसगाड्या ज्या जागी थांबतात आणि जिथून घेतलेले छायाचित्र जगभर ‘मध्ययुगीन फ्लॉरेन्स’ म्हणून फिरते, ती जागा अशी मुद्दाम शहर पाहण्यासाठीच निर्माण केलेली आहे, आणि ती घडवणाऱ्या योजनेनेच मध्ययुगीन तट जमीनदोस्त केला होता.

त्या सज्ज्यावरून दिसणाऱ्या महामंदिराचीही कथा अशीच आहे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून उभारलेल्या लाकडी आधाराविना रचलेला दुहेरी कवचाचा घुमट खराच पंधराव्या शतकातील आहे. मात्र त्याच मंदिराचा पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग, ज्याच्यापुढे उभे राहून बहुतेक लोक मान वर करतात, तो एमिलियो दे फाब्रिस याच्या आराखड्यानुसार १८८७ मध्ये पूर्ण झाला. जुना अर्धवट दर्शनी भाग सोळाव्या शतकाच्या अखेरीस उतरवल्यानंतर सुमारे तीनशे वर्षे तिथे जवळजवळ उघडी भिंत होती. सान्ता क्रोचे चर्चचा दर्शनी भागही १८६३ चा. याच सुमारास जुन्या बाजारपेठेचा संपूर्ण भाग, सोळाव्या शतकात वसवलेल्या ज्यू वस्तीसह, अस्वच्छतेचे कारण देऊन पाडण्यात आला. तिथल्या गल्ल्या, मनोरे, लहान चर्च आणि कारागिरांची दुकाने नाहीशी होऊन आजचा रिपब्लिका चौक उभा राहिला. तिथल्या कमानीवर १८९५ हे साल आणि शहराला नवजीवन दिल्याचा दावा अजून वाचता येतो. हा विध्वंस पुढे पोन्ते व्हेक्यो या जुन्या पुलाच्या परिसराकडे सरकू लागला, तेव्हा विरोधासाठी स्थानिकांबरोबर फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेले इंग्रज लेखक आणि रसिकही पुढे आले, आणि त्यांचा आवाज ऐकला गेला. परक्यांचे कुतूहल नगररचनेत असे हस्तक्षेप करू लागले ते काही आजचे नव्हे.

विसाव्या शतकाने या मिश्रणात आणखी भर घातली. १९४४ च्या ३ व ४ ऑगस्टच्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरील पोन्ते व्हेक्यो वगळता सर्व पूल उडवले आणि तो एक वाचवल्याची भरपाई म्हणून की काय, त्याच्या दोन्ही टोकांच्या जुन्या वस्त्या सुरुंग लावून पाडल्या. पुलावरून चालणारा प्रवासी सराफांच्या दुकानांपुढे रेंगाळतो; दोन्ही काठांवरच्या इमारती युद्धोत्तर आहेत हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. याउलट आम्मानातीने सोळाव्या शतकात बांधलेला सान्ता त्रिनिता पूल नदीपात्रातून काढलेले मूळ दगड वापरून पुन्हा उभारला गेला आणि १९५८ मध्ये खुला झाला. मिकेलांजेलोचा ‘डेव्हिड’ १८७३ मध्येच उघड्या चौकातून अकादेमिया संग्रहालयात हलवला होता व त्याच्या जागी १९१० मध्ये प्रतिकृती आली; गिबेर्तीच्या सोनेरी दरवाजांची मूळ पटलेही संग्रहालयात असून रस्त्यावरचा प्रवासी प्रतिकृतीच न्याहाळत असतो. यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही. उन्हापावसात मूळ शिल्प झिजू देण्यापेक्षा प्रतिकृती बरी, आणि पुन्हा रचलेला पूलही पूलच असतो. मुद्दा इतकाच की काय जपायचे, काय पाडायचे आणि काय पुन्हा बांधायचे याचा निर्णय प्रत्येक पिढीने घेतला, कधी शहाणपणाने तर कधी उद्धटपणे, आणि अशा निर्णयांची शिवण ओळखता येणे हे अशा शहरात जाण्याचे खरे फळ आहे.

हे निर्णय घेणारे किंवा त्यांच्याशी भांडणारे लोक शहरात राहत होते, ही गोष्ट मात्र निर्णायक ठरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला, काही भागांत पाणी आणि चिखल चार-पाच मीटरपर्यंत चढला, सान्ता क्रोचेतील चिमाबुएच्या क्रूसचित्राचा मोठा भाग नष्ट झाला आणि राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ भिजले. देशोदेशींहून आलेल्या तरुणांनी चिखलातून पुस्तके उपसली, त्यांना ‘चिखलातले देवदूत’ असे प्रेमाने म्हटले गेले. पण त्यांना कामाला लावणारे ग्रंथपाल आणि दारातला गाळ आधीच उपसायला लागलेले दुकानदार गावचेच होते. पाहुण्याची मदत उपयोगी पडायची तर घरात यजमान असावा लागतो.

पाहुण्याशी असे नाते जडल्याचा सर्वांत अनपेक्षित पुरावा मराठी वाचकांच्या जवळचा आहे. करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासाहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स मुक्कामी वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले. दहन हा अंत्यविधी त्या कॅथलिक शहराला अगदी अपरिचित होता; तरीही परवानगी मिळाली आणि शहराच्या पश्चिम टोकाला, कासिने उद्यानात आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, हिंदू रीतीने अग्निसंस्कार झाला. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली गेली आणि तीत महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. महाराजांची त्या प्रवासातील रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली होती. फ्लॉरेन्सकरांनी ही आठवण स्वीकारली ती इतकी की १९७८ मध्ये जवळच पूर्ण झालेल्या मोठ्या पुलालाही ‘इंडियानो’चे, म्हणजे त्या भारतीयाचे, नाव मिळाले. महाराष्ट्रातून निघणाऱ्या अनेक सहलींत फ्लॉरेन्सच्या वाट्याला अर्धा दिवस येतो, त्यात पियात्सालेवरील छायाचित्र आणि चामड्याच्या वस्तूंचे दुकान बसते, कासिने बसत नाही. ही उपेक्षा खटकण्यासारखी आहे.

आता जे बदलते आहे ते यजमानाच्या बाबतीत. जुन्या गाभ्यातील सदनिका पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने दिल्यास मालकाला महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी अधिक मिळते, म्हणून भाडेकरूचा करार संपला की घर पर्यटकांकडे वळते. शिक्षक, परिचारिका, संग्रहालयातला पहारेकरी उपनगरात राहायला जातो, त्याच्यामागे भाजीवाला आणि चांभार जातो, आणि नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागातील लाकडावर व धातूवर काम करणाऱ्या कारागिरांना जागेचे भाडे झेपत नाही. घर रिकामे होत नाही, उलट सतत भरलेले असते. पण त्यात राहणारा नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देत नाही आणि रिपब्लिका चौकासारखी चूक पुन्हा होऊ घातली तर तिच्या विरोधात सभा भरवायला थांबत नाही. गर्दीवर चालणारी चर्चा हा भाग सोडून शिस्तीकडे वळते, कारण शिस्त सोपी असते: २०१८ मध्ये उफित्सीलगतच्या काही रस्त्यांवर जेवणाच्या वेळी पदपथावर बसून खाण्यास मनाई झाली आणि दंड ठरला. उंबऱ्यावर बसून सँडविच खाणारा विद्यार्थी शहराचे जे नुकसान करतो, ते झाडूने भरून निघते.

भाड्याच्या प्रश्नाला हात घालणारे पाऊल २०२३ मध्ये पडले. युनेस्कोने १९८२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या ऐतिहासिक गाभ्यात अल्पमुदतीच्या पर्यटक-भाड्याला नव्याने मनाई करण्याचे नगरपालिकेने ठरवले, आणि सदनिकांच्या मालकांनी अपेक्षेप्रमाणे त्याविरुद्ध न्यायालयाची वाट धरली. निर्णय योग्य असला तरी उशिरा आलेला आहे, कारण आधीपासून चालू असलेल्या सदनिका त्यातून वगळल्या आहेत, आणि जी घरे हातची गेली ती त्यामुळे परत येत नाहीत. २०२५ पासून देशभर अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घेणे बंधनकारक झाले आहे; क्रमांकामुळे कोण काय भाड्याने देतो ते कळेल, पण भाडे त्याने उतरणार नाही. मेदिचींच्या संग्रहातील चित्र शहराबाहेर नेण्यास तीन शतकांपूर्वी जशी अट आडवी आली, तशी कोणतीही अट भाडेकरूला शहराबाहेर घालवताना आज मालकाच्या आड येत नाही, आणि ती घालण्याचा अधिकार फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेपेक्षा रोमच्या संसदेकडे अधिक आहे. तोवर प्रवाशाच्या हाती राहते ते एवढेच, की मुक्काम लांबवावा, तो कुणाच्या मोडलेल्या घरात न करता हॉटेलात करावा आणि एक सकाळ कासिनेसाठी राखावी.