सड्याचं तापमान आणि हवेचं तापमान

एप्रिलच्या दुपारी रत्नागिरीच्या सड्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. कातळ तापून निघालेला असतो. त्याच वेळी वेधशाळेच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, छातीच्या उंचीवर टांगलेला तापमापक मात्र त्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवतो, कारण तो सावलीतल्या हवेचं तापमान मोजतो. वरून अवरक्त किरणांत पाहणाऱ्या उपग्रहाला यांतलं कोणतं तापमान दिसतं? आभाळ निरभ्र असेल तर कातळाचं. ढग आले की ढगाच्या माथ्याचं.

खरं म्हणजे उपग्रह तापमान मोजतच नाही. जमीन, समुद्र, ढग आणि हवेचे थर यांतून निघालेली किरणं त्याच्यापर्यंत पोचतात आणि तो त्यांची तीव्रता नोंदवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांच्या एका पट्ट्यात चमकतो, ऑक्सिजन सूक्ष्मलहरींच्या 50 ते 60 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. पट्टा थोडा बदलला की किरणं वेगळ्या उंचीवरून येतात. भारताने 2013 साली सोडलेल्या इन्सॅट-3डी उपग्रहावरचं साउंडर हे उपकरण असे 19 पट्टे पाहू शकत होतं. या नोंदींवरून कोणत्या उंचीवर किती तापमान असावं हे काढता येतं. अडचण अशी, की एकाच नोंदीला तापमानाच्या अनेक उतरंडी जुळतात. त्यातली एक निवडायची तर आधी काहीतरी धरून चालावं लागतं.

1969 मध्ये निंबस-3 ने अशी पहिली नोंद घेतली आणि 1978 पासून टिरॉस-एन मालिकेतून हा डेटा नियमित येऊ लागला. त्यातून काढलेलं तापमान जणू हवेत सोडलेल्या फुग्यानेच मोजलं आहे अशा थाटात हवामान अंदाजाच्या मॉडेलला दिलं जाई. फुगे विरळ असलेल्या दक्षिण गोलार्धात त्याचा उपयोग झाला. उत्तरेत मात्र फायदा फारसा हाती लागेना, काही वेळा अंदाज बिघडतही. ते तापमान काढताना जे गृहीत धरलेलं असे, ते गृहीतकच मोजमापाच्या नावाने मॉडेलमध्ये शिरत होतं.

नव्वदीच्या मध्यावर अमेरिकेच्या आणि युरोपच्या अंदाजकेंद्रांनी प्रश्नच उलटा केला. उपग्रहाच्या नोंदीतून तापमान काढण्याऐवजी ते मॉडेलला विचारू लागले: तू म्हणतोस तशी हवा असेल तर उपग्रहाला काय दिसायला हवं? मॉडेलचं उत्तर आणि उपग्रहाची प्रत्यक्ष नोंद यांत जो फरक पडेल, त्याने मॉडेलची हवा दुरुस्त करायची. हवामानशास्त्रातला हा मला सर्वांत मोलाचा विचार वाटतो. जे मोजलं आहे तेच मोजलं म्हणायचं, आणि आपला अंदाज त्याच्यासमोर तपासायला उभा करायचा. आज नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रही याच वाटेने काम करतं.

कोकणाला याचा लाभ मिळतो तो मुख्यतः समुद्रामार्गे. आपलं पावसाळी हवामान अरबी समुद्रावरून येतं आणि तिथे वेधशाळा आणि फुगे अगदी विरळ. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. करोनामुळे तेव्हा विमानं जमिनीवर होती, त्यामुळे विमानांकडून मिळणाऱ्या हवेच्या नोंदीही आटल्या होत्या. वादळाची वाट आधी सांगता आली, त्यात उपग्रहांचा वाटा मोठा.

किनारपट्टीवर मात्र चित्र तितकं चांगलं नाही. ढगांतून आरपार पाहणाऱ्या सूक्ष्मलहरी साउंडरचा एक ठिपका, अगदी उपग्रहाच्या थेट खालीसुद्धा, सुमारे 48 किलोमीटर रुंद असतो. आपली कोकणपट्टी तेवढीच रुंद! रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा समुद्र, सडे, आंब्याच्या बागा आणि सह्याद्रीचा पायथा एकाच ठिपक्यात मिसळतात. समुद्र आणि जमीन या लहरी फार वेगवेगळ्या प्रमाणात सोडतात, म्हणून जमिनीलगतची हवा पाहणाऱ्या पट्ट्यांतले असे मिश्र ठिपके बरेचदा बाजूला काढावे लागतात. अवरक्त साउंडरचा ठिपका त्यापेक्षा बारीक, पण जुलैत त्याला ढगांचे माथेच दिसतात.

उपकरणांची मोजमापंही वर्षं जातील तशी थोडी थोडी सरकतात. हा सरकलेपणा मॉडेलशी ताडून दुरुस्त करतात. पण मॉडेलच चुकत असेल तर? मग त्याची चूकच प्रमाण ठरते. ती पकडायला मुंबईहून आणि पणजीहून सोडलेला फुगा लागतो, कारण तो हवेत शिरून तिचं तापमान घेतो. म्हणून इन्सॅट-3डीएससारखा नवा उपग्रह वर गेला की आता जुन्या वेधशाळा कशाला, असा जो सूर निघतो तो मला मुळीच पटत नाही. उपग्रह जितके वाढतील, तितकी रत्नागिरी आणि हर्णैच्या वेधशाळांतली माणसाने घेतलेली नोंद जास्त लागेल.

आंबा बागायतदाराचा प्रश्न तर याहून बारीक. मोहोराच्या दिवसांत रात्री किती गारवा पडला, मार्चमध्ये ऊन किती चढलं, यावर फळगळ आणि फळाच्या गरातला साका ठरतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे 2025 पासून 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. आधीची चौकट 12 किलोमीटरची होती. ही मोठी मजल आहे. तरीही 6 किलोमीटरच्या एका चौकटीत पावस गावातली खाडीकाठची बाग आणि वरचा सडा दोन्ही बसतात, आणि त्यांची रात्र सारखी नसते.

महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली आहेत आणि त्यांच्या आकड्यांवर फळपीक विम्याची भरपाई ठरते. केंद्र उघड्या कातळावर आहे की झाडांच्या आडोशाला, समुद्रापासून किती लांब आहे, उपकरण शेवटचं कधी तपासलं, हे प्रत्येक आकड्यासोबत गावात लावलं जावं. बागायतदाराला त्यावरून भरपाईचा हिशेब पडताळता येईल, आणि मॉडेल बांधणाऱ्याला कळेल की या आकड्यावर किती भार टाकायचा.